‘मारीना’ म्हणजे नक्की कोणती?

वाचकांचे प्रश्न

या खेपेच्या पत्रांपैकी बरीचशी एकाच अडचणीभोवती फिरतात. स्लोवाक पुस्तकाचं नाव हाती लागतं, पण त्याच नावाचा सिनेमा, ऑपेरा, गाव, मंडळ किंवा माणूसही निघतो. मग यादीत, सूचीत, प्रश्नमंजूषेत भलतीच नोंद जाऊन बसते. आमचं म्हणणं आधीच सांगतो: नाव हा सुगावा आहे, पुरावा नाही. पुरावा म्हणजे लेखक, भाषा, पहिल्या छपाईचं साल आणि पहिली ओळ. यातल्या तीन गोष्टी जुळेपर्यंत नोंद पक्की करू नये.

प्रश्न : मी मराठी विकिपीडिया आणि विकिडेटावर (विकिपीडियाच्या पाठीशी असलेला माहितीसाठा) काम करते. स्लोवाक साहित्यकृतींच्या एका यादीत नुसतं ‘मारीना’ एवढंच आहे. शोधलं की मुलीचं नाव, बोटींचा धक्का, एक जुनं इटालियन गाणं, एक स्पॅनिश कादंबरी आणि चेन्नईचा समुद्रकिनारा असं सगळं एकदम येतं. यातली स्लोवाक कृती कोणती, आणि ती तीच हे ठरवायचं कसं? (वाचक, पुणे)

तुम्हाला हवी आहे ती आंद्रेय स्लाडकोविच यांची दीर्घकविता. १८४४ साली लिहिलेली, १८४६ साली पेश्त (आजच्या बुडापेस्टचा भाग) इथे छापलेली, २९१ कडव्यांची. प्रत्येक कडवं दहा ओळींचं. कवीचं खरं आडनाव ब्राक्सातोरिस. सूचीत दोन्ही नावं दिसतात, माणूस एकच (१८२०–१८७२).

आता ओळखीचा क्रम. सगळ्यात आधी अक्षर पाहा. स्लोवाक नावात मधल्या ‘आय’वर ठिपक्याच्या जागी तिरकी रेघ असते, म्हणजे तो दीर्घ ‘ई’ आहे. इटालियन, स्पॅनिश आणि इंग्रजी ‘मरीना’त ती रेघ नसते. पण बहुतेक शोधयंत्रं अशा खुणा गाळून शोधतात, म्हणून रेघेसकट टाइप केलंत तरी सगळी भेसळ येतेच. शोधताना नावाला ‘स्लाडकोविच’ जोडा आणि रेघ तपासण्याचं काम डोळ्यांनी करा.

दुसरं, विभक्ती. आपल्याकडे ‘शाळा’ची ‘शाळेत’ होते, तसं स्लोवाकमध्येही नामाचं रूप बदलतं. लेखाच्या मजकुरात ‘मारीना’ क्वचितच सापडेल. ‘मारीनी’, ‘मारीनु’, ‘व मारीन्ये’ ही रूपं सापडतील. लेखकाचंही तसंच: ‘स्लाडकोविचोवा मारीना’ म्हणजे स्लाडकोविचची मारीना. त्यावरून ‘स्लाडकोविचोवा’ नावाची कुणी लेखिका आहे असा समज करून घेणारे लोक भेटतात, कारण स्लोवाक बायकांची आडनावंही ‘ओवा’ने संपतात. पुढे कवितेचं नाव आलं असेल तर तो षष्ठीचा प्रकार समजा, आडनाव नव्हे.

तिसरं, पहिली ओळ. ही सगळ्यात भरवशाची खूण. कविता अशी सुरू होते: ‘या स्लाडके तूझ्बी, तूझ्बी पो क्रासे / स्पिएवाम पेक्नोतोउ नादशेनी’. म्हणजे ‘सौंदर्याच्या गोड ओढी, त्या ओढी मी गातो, रूपाने भारावून’. हे कडवं ‘मोया मारीना’वर (माझी मारीना) संपतं. तुमच्या हातातल्या पानावर हे असेल तर कविता हीच; बाकीचा तपशील नोंदीपुरता जुळवा. निवडक उताऱ्यांची शालेय पुस्तकं मात्र मधूनच सुरू होतात, तिथे पहिल्या ओळीचा उपयोग नाही.

आता खरी गल्लत. याच विषयात ‘मारीना’ नावाची एक खरीखुरी बाई आहे: मारीना पिशलोवा (१८२०–१८९९), बान्स्का श्त्याव्नित्सा या खाणींच्या गावातली. कवी तिच्या प्रेमात होता, तिचं लग्न दुसऱ्याशी झालं. तिचं घर आज प्रेक्षणीय ठिकाण आहे. म्हणजे एकाच लेखात कविता, कवितेतली नायिका, बाई आणि घर अशा चार वस्तू एका नावाने वावरतात. वाक्याचं क्रियापद पाहा: ‘जन्मली’, ‘राहत होती’ असेल तर बाई, ‘प्रकाशित झाली’, ‘लिहिली’ असेल तर कविता. नायिकेबद्दल लिहिलेलं सगळं बाईच्या नोंदीत ओतू नका.

विकिडेटावर या नोंदी अशा वेगळ्या ठेवायच्या (‘पी’चा आकडा रकान्याचा, ‘क्यू’चा आकडा नोंदीचा). ‘हे काय आहे’ (पी ३१) या रकान्यात कवितेसाठी साहित्यकृती (क्यू ७७२५६३४), आणि ‘कलाकृतीचा प्रकार’ (पी ७९३७) मध्ये कविता. लेखक पी ५०, भाषा पी ४०७ मध्ये स्लोवाक (क्यू ९०५८), प्रकाशन पी ५७७ मध्ये १८४६, पहिली ओळ पी १९२२. मुलीच्या नावाची नोंद वेगळी असते. तिचा प्रकार ‘स्त्रीचं नाव’ (क्यू ११८७९५९०). दोन नोंदी सारख्या वाटल्या म्हणून त्या एकत्र करण्याची घाई नको. उलट ‘याहून वेगळे’ (पी १८८९) लावून ठेवा, म्हणजे पुढचा उत्साही संपादक ती चूक करणार नाही. मराठी वर्णनही नेमकं लिहा: ‘आंद्रेय स्लाडकोविच यांची १८४६ची दीर्घकविता’. एका भाषेत नाव आणि वर्णन दोन्ही सारखं असलेल्या दोन नोंदी विकिडेटा स्वीकारतच नाही, त्यामुळे नुसतं ‘कविता’ लिहून भागणार नाही.

दोन ठिकाणी हमखास चुकतं. एक, साल: १८४४ लिहिल्याचं, १८४६ छापल्याचं, आणि हातातल्या प्रतीवर कदाचित १९५० नंतरचं. कृतीच्या नोंदीत पहिलं छापील साल जातं. नंतरची आवृत्ती स्वतंत्र नोंद होऊन पी ६२९ने मूळ कृतीला जोडली जाते. दोन, देश: १८४६ साली स्लोवाकिया नावाचा देश नव्हता. पेश्त आणि बान्स्का श्त्याव्नित्सा दोन्ही हंगेरीच्या राज्यात होती. त्यामुळे छपाईचं गाव पाहून ‘हंगेरियन कविता’ म्हणणं चूक. इथे भाषा निर्णायक आहे, गाव नाही.

आणि चेन्नईच्या किनाऱ्यासाठी मराठीत ‘मरीना’ रूढ आहे. कवितेसाठी ‘मारीना’ लिहिलंत तर निदान आपल्या सूचीत तरी दोघी वेगळ्या राहतील.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला देणगीत मध्य युरोपातली ४०–५० पुस्तकं आली. कोणती स्लोवाक, कोणती स्लोव्हेनियन, कोणती चेक, काही कळेना. संगणकात ‘एस-एल-ओ’ अशी खूण होती म्हणून आम्ही त्यांना स्लोव्हेनियाच्या खणात टाकलं. बरोबर केलं का? (ग्रंथपाल, नागपूर)

नाही, पण ही चूक करणारे तुम्ही पहिले नाही. ग्रंथालयीन नोंदीत (मार्क पद्धतीत) ‘एस-एल-ओ’ म्हणजे स्लोवाक आणि ‘एस-एल-व्ही’ म्हणजे स्लोव्हेनियन. गोंधळ यासाठी की मोटारीच्या मागे ‘एस-एल-ओ’ अशी पट्टी असते तेव्हा ती गाडी स्लोव्हेनियाची असते; स्लोवाकियाची पट्टी ‘एस-के’. दोन अक्षरी भाषासंकेतात मात्र ‘एस-के’ स्लोवाक आणि ‘एस-एल’ स्लोव्हेनियन. इंटरनेटवरचे पत्ते ‘डॉट एस-के’ आणि ‘डॉट एस-आय’. विकिडेटावर तर दोन देश शेजारी शेजारी आहेत, स्लोवाकिया क्यू २१४ आणि स्लोव्हेनिया क्यू २१५. एक आकडा घसरला की देश बदलला.

भाषेचा संकेत नियंत्रण-क्षेत्र ००८ मध्ये ३५ ते ३७ या जागांवर असतो. पुस्तक अनुवादित असेल तर क्षेत्र ०४१ पाहा: ‘ए’ उपक्षेत्रात हातातल्या मजकुराची भाषा, ‘एच’मध्ये मूळ भाषा. स्लोवाक कादंबरीचा इंग्रजी अनुवाद शोधताना ००८ मध्ये इंग्रजीचाच संकेत दिसेल. ती मूळची स्लोवाक आहे हे ‘एच’ सांगेल. क्षेत्र २४० भरलेलं असेल तर तिथे मूळ नावही मिळतं.

गोंधळाचं मूळ भाषेतच आहे. स्लोवाक लोक आपल्या भाषेला ‘स्लोवेन्चिना’ म्हणतात, स्लोव्हेनियन लोक ‘स्लोवेन्श्चिना’. ‘स्लोवेन्स्की’ हे विशेषण दोघांकडे आहे आणि प्रत्येकाकडे त्याचा अर्थ ‘आपलं’. मार्तिन गावात १८६३ साली स्थापन झालेली स्लोवाक संस्था ‘मातित्सा स्लोवेन्स्का’. ल्युब्लियानात १८६४ साली स्थापन झालेली स्लोव्हेनियन संस्था ‘स्लोवेन्स्का मातित्सा’. प्रकाशक म्हणून दोन्ही नावं पुस्तकांवर येतात. गाव वाचा: मार्तिन, ब्रातिस्लावा, कोशित्से असेल तर स्लोवाक, ल्युब्लियाना, मारिबोर, त्सेल्ये असेल तर स्लोव्हेनियन.

पुस्तक हातात असेल तर आयएसबीएन पाहा. ९७८ नंतर ९६१ म्हणजे स्लोव्हेनिया. ८० म्हणजे चेक किंवा स्लोवाक, दोन्ही. देश १ जानेवारी १९९३ला वेगळे झाले, हा आकडा अजून सामाईकच आहे. तिथून पुढे अक्षरं तपासावी लागतात. कुठलंही भरगच्च पान उघडा आणि दोन मिनिटं नजर फिरवा.

‘आर’वर उलटी टोपी, ‘ई’वर उलटी टोपी किंवा ‘यू’वर छोटं वर्तुळ दिसलं की चेक. ‘ओ’वर सुलटी टोपी, ‘ए’वर दोन ठिपके, किंवा ‘एल’च्या खांद्यावर स्वल्पविरामासारखी खूण दिसली की स्लोवाक. ‘आर’ किंवा ‘एल’वर तिरकी रेघ हीसुद्धा स्लोवाकचीच. ती आपल्याला चटकन समजायला हवी, कारण तो दीर्घ ॠ आणि दीर्घ ॡ आहे: ‘वॄबा’ म्हणजे वाळुंज, ‘स्तॣप’ म्हणजे खांब. आपल्या वर्णमालेच्या तक्त्यात नुसते बसून असलेले हे दोन स्वर तिथे रोज कामाला जातात. पानभर फक्त ‘सी’, ‘एस’ आणि ‘झेड’ यांवरच उलट्या टोप्या दिसल्या आणि स्वरांवर एकही रेघ नसली, तर ते स्लोव्हेनियन.

ही अक्षरचाचणी विसाव्या शतकातल्या पुस्तकांना चांगली लागू पडते. १८४३ नंतरच्या काही वर्षांत प्रमाण स्लोवाक भाषा घडवणारे ल्युदोवित श्टूर यांच्या लेखनपद्धतीने छापलेल्या पुस्तकांत ‘वाय’ नसतो, खांद्यावर खूण असलेला ‘एल’ही नसतो; मागच्या उत्तरातली ‘मारीना’ पहिल्यांदा छापली गेली ती याच काळात. तिथे ‘स्लोवाकची खूण नाही, म्हणजे स्लोवाक नाही’ हा तर्क फसतो.

आणखी एक. आपण प्रकाशनाचा तपशील मुखपृष्ठामागच्या पानावर शोधतो. चेक आणि स्लोवाक पुस्तकांत तो बहुधा अगदी शेवटच्या पानावर असतो. त्याला ‘तिराझ’ म्हणतात. आवृत्ती, साल, प्रतींची संख्या, अनुवादक सगळं तिथे. ‘विदान्ये’ म्हणजे आवृत्ती, ‘प्रेलोझिल’ म्हणजे अनुवाद केला (पुरुषाने), ‘प्रेलोझिला’ म्हणजे बाईने. ‘रोमान’ म्हणजे कादंबरी. ‘नोवेला’ म्हणजे लघुकादंबरी, शब्द इंग्रजी ‘नॉव्हेल’सारखा दिसला तरी. ‘पोविएद्का’ म्हणजे कथा. ‘ह्रा’ म्हणजे नाटक. ‘रेझिया’ हा शब्द दिसला तर थांबा. तो दिग्दर्शन आहे, आणि तुम्ही बहुधा नाटकाचं किंवा सिनेमाचं पत्रक हातात धरलंय.

प्रश्न : प्रश्नमंजूषेसाठी ‘देत्वान’ हे स्लोवाक काव्य घेतलं होतं. एका स्पर्धकाने ते ऑपेरा असल्याचं सांगितलं, दुसऱ्याने प्रागमधलं विद्यार्थी मंडळ. दोघेही पुरावे घेऊन आले. गुण कुणाला द्यायचे? (सांगली)

दोघांनाही, आणि प्रश्न काढणाऱ्याचे थोडे कापा. ‘देत्वान’ म्हणजे देत्वा गावचा माणूस. आपल्याकडे ‘सातारकर’ म्हणावं तसं. असा शब्द अनेक गोष्टींचं नाव होणारच.

काव्य स्लाडकोविचचंच: १८४७ मध्ये लिहिलेलं, १८५३ मध्ये ‘नित्रा’ या वार्षिकात छापलेलं, पाच सर्गांचं. नायक मार्तिन, नायिका एलेना, आणि मधे येणारा राजा मात्याश. पोल्याना डोंगराच्या वर्णनाने सुरुवात होते: ‘स्तोयी विसोका, दिवा पोल्याना’, म्हणजे ‘उभी आहे उंच, रानटी पोल्याना’. यातला ‘दिवा’ आपला दिवा नव्हे; ‘दिवी’ म्हणजे रानटी, त्याचं हे स्त्रीलिंगी रूप. ऑपेरा विलियाम फिगुश-बिस्त्री यांचा, रंगमंचावर आला १९२८ साली, आणि तो याच काव्यावर आधारलेला. प्रागमधलं स्लोवाक विद्यार्थ्यांचं मंडळ १८८२चं.

मोठ्या अक्षरावरून निकाल लावायचा प्रयत्न करू नका. स्लोवाकमध्ये गावकऱ्याचं नाव मोठ्या अक्षराने सुरू होतं, त्यामुळे साधा गावकरी आणि काव्याचं नाव लिपीत सारखेच दिसतात. शेजारचा शब्द पाहा. ‘स्पोलोक’ असेल तर मंडळ, ‘ओपेरा’ असेल तर उघडच आहे, ‘स्पेव’ म्हणजे सर्ग असेल तर काव्य. पुढच्या वेळी प्रश्नातच ‘१८५३ साली छापलेलं’ हे तीन शब्द घाला.

ऑपेरा आणि मूळ कृती यांची नावं दर वेळी सारखी असतात असंही नाही. एउगेन सुखोन्य यांचा ‘क्रूत्न्यावा’ (१९४९) हा प्रसिद्ध ऑपेरा मिलो उर्बान यांच्या कथेवर आहे, पण कथेचं नाव ‘झा विश्नीम म्लिनोम’, म्हणजे ‘वरच्या गिरणीपलीकडे’. ‘क्रूत्न्यावा’ नावाची उर्बानची कथा शोधत बसलात तर सापडणार नाही.

प्रश्न : यान कालिन्चियाक यांच्या एका कथेचं नाव मराठी लेखात ‘रेस्टॉरंट’ असं दिलेलं वाचलं. कथेचा सारांश मात्र निवडणुकीचा होता. छपाईची चूक? (अनुवादक, ठाणे)

अनुवादाची. १८६० सालच्या या कृतीचं नाव ‘रेश्ताव्रात्सिया’. आजच्या स्लोवाकमध्ये हॉटेलाला ‘रेश्ताउरात्सिया’ म्हणतात. मधल्या ‘व्ही’च्या जागी ‘यू’, बाकी सगळं तेच. यंत्राने अनुवाद केला की एका अक्षराचा फरक तो टंकदोष समजून दुरुस्त करतो आणि तुम्हाला जेवायला बसवतो.

जुन्या हंगेरीच्या राज्यात ‘रेश्ताव्रात्सिया’ म्हणजे जिल्ह्याच्या, तिथल्या शब्दात ‘स्तोलित्सा’च्या, अधिकाऱ्यांची निवडणूक. मतं छोट्या जमीनदार उमरावांची, ज्यांना ‘झेमान’ म्हणत. आणि ती मिळवायची रीत म्हणजे खाऊ घालणं, पाजणं, गोड बोलणं, आणि प्रतिस्पर्ध्याची माणसं फोडणं. (म्हटलं तर ‘रेस्टॉरंट’ अगदीच चूक नाही.) त्यामुळे मराठीत ‘जिल्ह्याची निवडणूक’ किंवा सरळ ‘निवडणूक’ असं नाव द्यावं, आणि मूळ नाव देवनागरीत कंसात. ‘जीर्णोद्धार’, ‘पुनर्स्थापना’ हे शब्दकोशातून उचललेले पर्यायही टाळा; शब्दाचं मूळ तिकडे जातं, कथा जात नाही.

ओळखण्याची एक आतली खूण: हे लेखन म्हणींनी आणि वाक्प्रचारांनी गच्च भरलेलं आहे. दोन पानं वाचून एकही म्हण आली नाही, तर तुमच्या हातात ते पुस्तक नाही.

प्रश्न : ‘यान बोत्तो’ या कवीच्या नावावर १८६२चं वीरकाव्य आहे आणि १९०९चा उदास कवितांचा संग्रहही. मृत्यूचं साल १८८१. मरणोत्तर संग्रह समजायचा का? (कोल्हापूर)

नाही, कवीच दोन आहेत. यान बोत्तो (१८२९–१८८१) यांनी ‘स्मर्त्य यानोशिकोवा’, म्हणजे ‘यानोशिकचा मृत्यू’, लिहिलं; ते १८६२ साली छापलं गेलं. दुसरे यान बोत्तो (१८७६–१९५८) ‘इवान क्रास्को’ या टोपणनावाने लिहीत. त्यांचे संग्रह ‘नॉक्स एत सोलितुदो’ (१९०९) आणि ‘वेर्शे’ (१९१२). टोपणनाव क्रास्कोवो या गावावरून घेतलेलं. वि. वा. शिरवाडकर आणि कुसुमाग्रज एक हे ठाऊक असलेला मराठी सूचीकार इथे नेमका उलट्या बाजूने फसतो: टोपणनाव सोडवून खऱ्या नावाखाली टाकायला जातो आणि दोन माणसं एक करून बसतो. क्रास्कोची नोंद क्रास्को या नावाखालीच ठेवा, खरं नाव फक्त संदर्भ म्हणून द्या, आणि दोन्हीकडे जन्म-मृत्यूची सालं घाला. नुसतं ‘१९व्या–२०व्या शतकातले कवी’ लिहू नका, दोघेही त्यात मावतात. संग्रहाचं नाव लॅटिन आहे म्हणून भाषेच्या रकान्यात लॅटिन भरणं ही दुसरी चूक. आतल्या कविता स्लोवाकच आहेत.

यानोशिकच्या बाबतीतही जपा. युराय यानोशिक (१६८८–१७१३) हा खरा दरोडेखोर, त्याला देहदंड दिला गेला लिप्तोव्स्की मिकुलाश इथे. ‘यानोशिक’ नावाचे सिनेमे १९२१, १९३५ आणि १९६३चे. बोत्तोच्या काव्याच्या नावात ‘स्मर्त्य’ हा शब्द असतोच. तो गाळून लिहिलेलं नाव स्वीकारू नका. पहिली ओळ ‘होरी ओह्नीक, होरी ना क्राल्योवेय होली’, ‘जळते शेकोटी, जळते क्राल्योवा होल्या डोंगरावर’.

टोपणनावाचा एक अलीकडचा नमुना: २००० साली ‘क्निहा ओ त्सिन्तोरीने’ (‘स्मशानाविषयीचं पुस्तक’) आलं तेव्हा त्यावर लेखक म्हणून सामको ताले असं नाव होतं. सामको ताले हा त्या कादंबरीतला निवेदक. लेखिका दानिएला कापितान्योवा. काही सूचींत पुस्तक अजून निवेदकाच्या नावावर आहे. दोन्ही नावांनी शोधा.

प्रश्न : ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ ही स्लोवाक कादंबरी आहे असं एकाने सांगितलं. ते तर बोनी एमचं गाणं आहे ना? (दादर)

गाणंही आहे, कादंबरीही. पेतेर पिश्त्यानेक यांची १९९१ची कादंबरी. नाव मूळ स्लोवाक पुस्तकावरही इंग्रजीतच छापलेलं. नायक रात्स, ब्रातिस्लावातल्या हॉटेलात बॉयलर पेटवणारा गडी. पुढे दुसरा भाग १९९४ला, तिसरा १९९९ला, म्हणून नोंदीत भागाचा आकडा हवाच. सिनेमा १९९८चा. गाणं बोनी एमच्या आधी, १९७० साली, जमैकाच्या मेलोडियन्सनी गायलं होतं. नाव इंग्रजी दिसतं म्हणून पुस्तकाला ‘अनुवाद’ ठरवू नका; इंग्रजी अनुवाद २००७ साली निघाला, त्यावर पेतेर पेत्रो यांचं अनुवादक म्हणून नाव आहे.

प्रश्न : यान कोल्लार स्लोवाक, पण ‘स्लावी द्त्सेरा’ चेक भाषेत. मग ही स्लोवाक साहित्यकृती की चेक? (विद्यार्थी, मुंबई)

सुनीतांची ही कृती दोन्ही साहित्येतिहासांत आहे, आणि दोन्हीकडे ठेवायला हरकत नाही. १८२४ साली बुदात छापली, कवी मोशोव्त्से गावचा, भाषा स्लोवाक वळणाची चेक. त्या काळी स्लोवाक प्रोटेस्टंट लोक लेखनासाठी चेकच वापरत. भाषेच्या रकान्यात चेक भरा, लेखकाच्या राष्ट्रीयत्वात स्लोवाक. कधीकधी नाव ‘द्त्सेरा स्लावी’ असं उलटूनही येतं. ती वेगळी कृती नाही. मात्र १८३२च्या आवृत्तीत सुनीतं ६१५ झाली आहेत, म्हणून सुनीताचा क्रमांक देताना आवृत्तीचं सालही द्या. नाहीतर तुमच्या तळटीपेतलं सुनीत वाचकाला सापडणार नाही.

प्रश्न : सामो खालुप्का यांच्या ‘मोर हो!’ या कवितेवर लेख लिहायचा आहे. संपादक म्हणतात, हे नाव मराठी वाचकाला मोराचं वाटेल. शिवाय इंग्रजी सूचीत ‘सी’खाली हा कवी सापडतच नाही. (नाशिक)

संपादकांचं खरं आहे. ‘मोर’ इथे आज्ञार्थी क्रियापद, ‘हो’ म्हणजे ‘त्याला’. अर्थ ‘मार त्याला!’. धातू आपल्या ‘मृ’, ‘मारणे’ यांचाच दूरचा भाऊ, तेव्हा पहिल्या उल्लेखाला अर्थ द्या आणि पुढे बिनधास्त ‘मोर हो!’ लिहा. कविता १८६४ची: डॅन्यूबकाठच्या रोमन छावणीत आलेले स्लाव दूत आणि त्यांची लढाई. उद्गारचिन्ह नावाचाच भाग आहे, ते गाळू नका. सूची करताना चिन्हं संगणक आपोआप काढतो, म्हणून छपाईला देण्याआधी ते परत आलंय का ते पाहा.

कवी न सापडण्याचं कारण वर्णक्रम. स्लोवाकमध्ये ‘सी-एच’ हे जोडून एक अक्षर आहे, उच्चार ‘ख’, आणि त्याची जागा ‘एच’नंतर. स्लोवाक सूचीत खालुप्का कवी ‘ह्विएझ्दोस्लाव’च्याही पुढे मिळेल, ‘द्राक सा व्रात्सिया’चे (१९४३) लेखक दोब्रोस्लाव ख्रोबाक हेसुद्धा तिथेच. इंग्रजी क्रमाने लावलेल्या सूचीत मात्र दोघे ‘सी’मध्ये असायला हवेत. नसतील, तर कुणीतरी स्लोवाक यादी क्रम न बदलता उचलली आहे. अशा यादीत ‘श’, ‘च’, ‘झ’ने सुरू होणारी नावंही साध्या ‘एस’, ‘सी’, ‘झेड’ संपल्यानंतर स्वतंत्र गटात शोधा. श्टूर तिथेच मिळतील.